हंसावयाचें कोणाला?

ज्याच्या घरीं भाकरीची चिंता त्याला विनोद कोठून सुचणार, असें कांहीं शहाण्या लोकांना वाटतें. त्यांनीं एकदां आमच्या खळ्यावर येऊन बसावें. मळणीच्या वेळीं, लोहाराच्या भात्याजवळ, कुंभाराच्या आव्याशेजारीं आमचीं माणसें सावकाराची, तलाठ्याची, भटजीची आणि वेळ पडल्यास स्वतःचीहि अशी हुबेहूब नक्कल करतात कीं, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत हंसून पाणी यावें. हंसणें ही आमच्या घरची चीज आहे. ती आम्हांस कोणी शिकवावयास नको. म्हणून विनोदी बोलपट आला म्हणजे आमचा शेतकरी, आमचा कारागीर तो पाहावयास जातो, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. वावगें हें कीं, पैसे मोजून आंत गेलेल्या माणसास पडद्यावर त्याचेंच हंसें केलेलें दिसावें.

ही गोष्ट आतां काढण्याचें कारण असें. ऑक्टोबर २०२५ मध्यें असरानी हे जुने विनोदी नट कालवश झाले. 'शोले'मधील त्यांचा तुरुंगाधिकारी कोणास ठाऊक नाहीं? त्यांचे जुने बोलपट पाहावे म्हणून आमच्या घरच्या पोरांनीं मोबाइलवर एक लावला, तो नेमका 'कमाल धमाल मालामाल' निघाला. हा बोलपट २८ सप्टेंबर २०१२ रोजीं लागला होता. तेव्हां तो पडला हें आम्ही ऐकून होतों. कां पडला तें आतां डोळ्यांनीं पाहिलें.

नटांचीं नांवें वाचलीं तर तोंडाला पाणी सुटतें. नाना पाटेकर, परेश रावल, ओम पुरी, असरानी, श्रेयस तळपदे. दिग्दर्शक प्रियदर्शन, ज्यांनीं २००० सालीं 'हेरा फेरी' देऊन साऱ्या देशाला हंसविलें आणि परेश रावल यांचा बाबूराव आपटे घराघरांत पोंचविला. नानांनीं 'वेलकम'मध्यें (२००७) गुंडाचें सोंग घेऊन लोकांना पोट धरावयास लावलें. ओम पुरी यांनीं 'आक्रोश'मध्यें (१९८०) आपल्या बायकोच्या खुनाचा आळ आलेला आदिवासी उभा केला. तो जवळजवळ सारा वेळ एक शब्द बोलत नाहीं, आणि तरी पाहणाऱ्याची झोंप उडते. श्रेयस तळपदे यांनीं 'इक्बाल'मध्यें (२००५) शेतकऱ्याचा मुका-बहिरा मुलगा केला, जो चेंडू फेंकून आपली जागा मिळवितो. शब्दांवांचून हंसविणारे आणि रडविणारे असे हे लोक! एवढीं दांडगीं जनावरें जुंपूनहि नांगर पुढें सरकत नसेल, तर दोष बैलांचा नव्हे; फाळ कोठें लावला आहे तें पाहिलें पाहिजे.

फाळ कोठें लावला आहे? ख्रिस्ती वस्तीचें एक गांव. तेथील जॉनी नांवाचा गरीब, बेकार, भेकड तरुण. गांव त्याला 'बकरी' म्हणतो. त्याची सारी भिस्त लॉटरीच्या तिकिटावर. त्याचें मन श्रीमंत पीटरच्या मुलीवर बसलें आहे, म्हणून तो मार खातो. पुढें गांवांत एक उग्र चेहऱ्याचा अनोळखी माणूस येतो. त्याला पाहून लोक टरकतात, आणि जॉनी हा माझा लहानपणीं हरवलेला भाऊ असें सांगून त्याच्या आडोशाला उभा राहतो. ही गोष्ट २०१० च्या एका मल्याळी बोलपटावरून घेतली आहे. गोष्ट उचलण्यास आमची हरकत नाहीं. पण मुळाची माती न घेतां रोप उपटलें तर तें नव्या वावरांत जीव धरीत नाहीं.

वास्तविक ही गोष्ट मोठी आहे. गरीब माणूस भेकड कां होतो? त्याच्या अंगांत बळ नसतें म्हणून नव्हे. दिवसभर कुदळ चालविणारा गडी फाट्यावरच्या दोन उनाडांना सहज लोळवील. परंतु हात उगारण्यापूर्वीं त्याच्या डोळ्यांपुढें घर येतें, कर्ज येतें, उद्यां कामावर कोण ठेवील ही धास्ती येते, आणि हात खालीं येतो. ह्या हात खालीं येण्यांत रडूंहि आहे आणि हंसूंहि आहे. खोट्या भावाच्या भरंवशावर एक दिवस मान ताठ करून चालणारा जॉनी पाहून आम्ही हंसलों असतों, आणि हंसतां हंसतां आमचा घसा दाटला असता. पण बोलपट करणारांना तेवढा धीर नाहीं. त्यांना वाटलें, मार खाणें हाच विनोद. एकदां पडला, हंसा. दुसऱ्यांदा पडला, आणखी हंसा. नट ओरडतात, धांवतात, डोळे वटारतात, आणि पाहणारा आपला जांभया देतो. नानांसारख्या माणसास नुसतें रोखून पाहावयास उभें केलें आहे. मोठ्या नटास काम न देणें हा देखील एक प्रकारचा अपव्ययच.

ह्याच प्रियदर्शन यांनीं सहा वर्षें आधीं, २००६ सालीं, 'मालामाल वीकली' काढला होता. तेंहि खेडेंच, त्यांतहि परेश रावल, ओम पुरी आणि असरानी. तेथें लाहोली नांवाचें सारें गांव एका ठकुराइणीच्या कर्जांत बुडालेलें असतें. एक कोटीची लॉटरी लागलेला अँथनी आनंदाच्या धक्क्यानें मरतो, तिकीट त्याच्या हातांत तसेंच, आणि मग एकामागून एक सारा गांव त्या तिकिटाचा वांटेकरी होतो. हा बोलपट म्हणजे कांहीं हिरा नव्हे. शेवटीं शेवटीं फार गोंधळ आहे, आणि कल्पनाहि १९९८ च्या एका इंग्रजी बोलपटाशीं मिळतीजुळती आहे. तरी त्यांत हंसूं येतें. कां? कारण त्या गांवाच्या लबाडीच्या पाठीशीं व्याज उभें आहे. प्रेताच्या मुठींतून तिकीट सोडविणारा माणूस आपल्याला राक्षस वाटत नाहीं. त्याचें गहाण आपल्याला ठाऊक असतें. आपल्यांतल्या कित्येकांनीं तें गहाण स्वतः भोगलें आहे. तेच नट, तोच दिग्दर्शक, तशीच लॉटरी. फरक एवढाच कीं, एकांत सावकारी दिसते आणि दुसऱ्यांत सावकारीखालीं वांकलेला माणूस तेवढा दिसतो, वांकविणारा दिसत नाहीं.

आतां खरी गंमत ऐका. ज्या शुक्रवारीं 'कमाल धमाल मालामाल' लागला, त्याच शुक्रवारीं 'ओ माय गॉड' नांवाचा दुसरा बोलपट लागला. त्यांतहि परेश रावल आणि ओम पुरी आहेत! 'कानजी विरुद्ध कानजी' ह्या गुजराती नाटकावरून तो केलेला. कानजी हा देवांच्या मूर्ति विकणारा दुकानदार, स्वतः देव न मानणारा. भूकंपांत त्याचें दुकान पडतें. विमा कंपनी म्हणते, ही देवाची करणी, आम्ही पैसे देणार नाहीं. मग कानजी देवावरच दावा लावतो, आणि देवाचे मुखत्यार म्हणून मिरविणाऱ्या स्वामी-महाराजांना कोर्टांत खेंचतो. मुखत्यारी पाहिजे, मग नुकसानहि भरा! ओम पुरी यांनीं त्याला मदत करणारा पंगु मुसलमान वकील केला आहे. दगडावर ओतलेलें दूध गटारांत जातें आणि बाहेर भुकेला बसलेला असतो, ही गोष्ट तेथें भर पडद्यावर बोलली गेली, आणि लोक हंसत हंसत टाळ्या देत राहिले. हा बोलपट एकानें दुसऱ्यास सांगून चालला. आमची त्याच्याविषयीं तक्रार आहे ती निराळी: दलालांना उघडें पाडण्यास माणसाची अक्कल पुरेशी असतां, शेवटीं देवालाच मोटारसायकलीवर बसवून कां आणावें लागलें? जोतीरावांच्या निर्मिकाला असल्या फटफटीची गरज नव्हती. पण तें असो.

तेव्हां एकाच दिवशीं, त्याच दोन नटांनीं, दोन ठिकाणीं लोकांना हंसविण्याचा प्रयत्न केला. एके ठिकाणीं बोट वर दाखविलें होतें, दुसऱ्या ठिकाणीं खालीं. लोकांनीं कोणतें तिकीट काढलें हें सर्वांना माहीत आहे.

आम्हांला ही परीक्षा नवी नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं 'तृतीय रत्न' हें नाटक लिहिलें. त्यांत एक जोशी गरोदर कुणबिणीस ग्रहांची भीति घालतो आणि नवराबायकोला नागवतो. नाटकांत विदूषक आहे, आणि तो फार बोलका आहे. कुणबी भोळा आहे हें तो लपवीत नाहीं. परंतु त्याच्या भोळेपणावर कोण चरतो आहे तें दर खेपेस दाखवितो. आणि शेवटीं तीं नवराबायको शिकावयास जातात. दक्षिणा प्राइज कमिटीनें तें नाटक नाकारलें, यांत नवल नाहीं. पुढें सत्यशोधक जलशांनीं तीच रीत गांवोगांव नेली. त्या जलशांत नांवाजलेले नट नव्हते, पडदे नव्हते. कंदील आणि डफ होता. तरी लोक रात्र जागून काढीत.

कोणी म्हणेल, हंसण्यांत एवढें काय पाहावयाचें? दोन घटका करमणूक झाली कीं पुरे. आम्ही म्हणतों, ठीक. मग ती करमणूक तरी झाली कां? शिवाय आम्ही कांहीं धुतल्या तांदळासारखे नाहीं. आमच्याहि तमाशांत तोतऱ्याला, काळ्या बाईला, लंगड्याला हंसण्याची खोड आहे, आणि ती मुंबईवाल्यांनीं आम्हांला लावलेली नाहीं.

तो बोलपट पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशींची गोष्ट. आमच्या घरच्या एका पोरानें शेजारच्या सालगड्याच्या मुलाला अंगणांतून हांक मारली, "ए बकरी!" तो मुलगा थबकला, हंसल्यासारखें केलें, आणि खालीं मान घालून निघून गेला. पोराला आम्ही जवळ बोलावून विचारलें, "त्याला बकरी कां म्हटलेंस?" तें म्हणालें, "तो कोणी कांहीं बोललें तरी उलट बोलत नाहीं म्हणून." आम्ही म्हटलें, "कां बोलत नाहीं, ठाऊक आहे?" पोराला ठाऊक नव्हतें. त्या मुलाच्या बापानें पोरीच्या लग्नासाठीं उचल घेतली आहे, आणि ती आमच्याच भावकींतल्या एकाकडून. हें सांगितल्यावर पोर बराच वेळ गप्प बसलें. संध्याकाळीं तें आपण होऊन त्या मुलाला बोलावून आणावयास गेलें, आणि दोघांनीं मिळून 'ओ माय गॉड' लावला.