वेग मिळाला, झीज कोणाच्या माथी?

‘चिया’ हे आभासी चलन मार्च २०२१ मध्ये सुरू झाले. त्यात बिटकॉइनसारखी अखंड आकडेमोड नसते. संगणकातील मोकळी जागा आधी भरून ठेवावी लागते. या भरण्याला ‘प्लॉटिंग’ म्हणतात. नेहमीचा एक प्लॉट सुमारे १०९ गिगाबाइटचा. तो घडत असताना मात्र दुपटीहून अधिक जागा लागते.

हे काम हार्ड डिस्कवर रेंगाळते. का? मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद शीर्षाखाली येण्यास सरासरी त्याच्या निम्मा वेळ जातो. एकाच डिस्कवर दोन प्लॉट चालवले, तर शीर्षाची धावपळ आणखी वाढते. उपाय सोपा आहे: घडण एसएसडीवर करावी, तयार प्लॉट हार्ड डिस्कवर ठेवावा.

परंतु एसएसडीच्या पेशींवर ठरावीक वेळाच लिहिता येते, आणि मूळ पद्धतीत एका प्लॉटसाठी हजार गिगाबाइटहून अधिक लेखन होते. झिजलेली एसएसडी शेवटी कचऱ्यातच जाते. ‘पर्यावरणस्नेही’ म्हणताना हा कचरा हिशेबात नको का? विद्यार्थी मित्रांनो, माझ्या मते कोणत्याही यंत्राचे वीजबिल पाहावे, तसे आयुष्यही विचारावे.