सव्वा मीटर तार

कलाशाखेच्या विद्यार्थ्याला विजेच्या तारेशी काय कर्तव्य, असे हा लेख पाहून कोणी विचारील. विचारणाऱ्याने सकाळी पनवेलहून सुटणाऱ्या लोकलच्या कोणत्याही डब्यात एक नजर टाकावी. ज्याच्या त्याच्या कानात काही ना काही खोचलेले असते. कोणी गाणी ऐकतो, कोणी स्पर्धा परीक्षेची व्याख्याने, कोणी एखादे जुने नाटक. मुंबई येईपर्यंत तासाहून अधिक वेळ हाताशी असतो. आपले पुष्कळसे शिक्षण आता डोळ्यांऐवजी कानांनी होऊ लागले आहे. आणि ज्या तारेवरून ते होते ती तार तुटली, की आपण धडधाकट हेडफोन कचऱ्यात टाकून नवा आणतो. माझे म्हणणे असे की तो टाकू नये. तार आपली आपण करावी, आणि ती करताना पैसा धातूच्या शुद्धतेवर न घालवता जोडावर घालवावा.

‘घरगुती’ म्हटले की आपण नाक मुरडतो. पण ज्याला आधुनिक हेडफोनचा पूर्वज म्हणतात तो अमेरिकेतील यूटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने १९१० साली अमेरिकन नौदलाला पाठवला, आणि त्याचे सुरुवातीचे नग त्याने स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून तयार केले होते. प्लगचे कूळ तर त्याहूनही जुने. पाव इंची जाड प्लग एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजच्या फळीसाठी निघाला. दिवसभरात शेकडो वेळा खुपसायचा नि उपसायचा अशा कामासाठी. आपल्या ओळखीचा साडेतीन मिलिमीटरचा प्लग हे त्याचेच धाकटे भावंड. १९७९ साली वॉकमन आला आणि हे भावंड जगभर खिशाखिशांत जाऊन बसले.

आता खरेदीकडे वळू. आपल्याकडच्या हौशी माणसाची पंढरी म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. सरकारदरबारी त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांच्याही तोंडी अजून लॉर्ड लॅमिंग्टनच आहे. कुर्ल्याला आणि दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले की चालत पाच-दहा मिनिटे. तेथे काउंटरवर ‘सात-छत्तीस’ किंवा ‘चौदा-छत्तीस’ असे शब्द कानावर पडतात. मटक्याचे आकडे नव्हेत ते! छत्तीस नंबरच्या गेजच्या सात किंवा चौदा तारा एकत्र पिळलेल्या, एवढाच त्याचा अर्थ. गेजाचा नंबर वाढतो तशी तार बारीक होते, हेही लक्षात ठेवावे.

पण हल्ली तयार केबल विकणारे भलतीच भाषा बोलतात. ‘ऑक्सिजनविरहित तांबे’, ‘चांदीची तार’, ‘आवाज उजळ होतो’ वगैरे. जरा हिशेब मांडून पाहू. गणिताला भिऊन कलाशाखेत आलेल्यांनाही तो जमेल. सुमारे ०.०८ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला साधारण ०.२१ ओहम असतो. सव्वा मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन अडीच मीटर. रोध झाला अर्ध्या ओहमच्या किंचित वर. हेडफोन ३२ ओहमचा असेल तर त्यामुळे आवाजात होणारी घट डेसिबेलच्या सातव्या हिश्श्याएवढी. ती कोणत्याही गवयाच्या कानाला कळायची नाही. आता तांब्याच्या जागी चांदी घातली तर? चांदी तांब्यापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी अधिक वाहक. म्हणजे त्या अर्ध्या ओहममधले ०.०३ ओहम वाचले! ऑक्सिजनविरहित तांबे आणि नेहमीचे विजेचे तांबे यांच्या वाहकतेत तर टक्काभराचाही फरक नसतो. चांदीच्या तारेवर शेकडो रुपये खर्चून ‘स्वर मोकळा झाला’ असे सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण मोकळा झाला तो खिसा. मात्र कानात घालायचे आठ-सोळा ओहमचे नाजूक इयरफोन असतील तर तार थोडी जाड घ्यावी, हे मान्य. तेथे अर्धा ओहम खरोखरच स्वराचा तोल बदलू शकतो.

भेसळीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तारही मिळते. ती अधिक रोध करते, लवकर मोडते आणि डाग नीट धरत नाही. तिची परीक्षा सोपी आहे. एक तार ब्लेडने खरवडावी. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती परत करावी. वरून पांढरी आणि आतून तांबूस निघाली तर ती कल्हई केलेली तार, आनंदाने घ्यावी. आपल्या आज्यांनी तांब्यापितळेच्या भांड्यांना कथील लावून घेतले, त्याचेच हे विजेच्या घरातले रूप. आपल्या दमट हवेत उघडे तांबे लवकर हिरवे पडते. दिसायला देखण्या पारदर्शक वेष्टनाच्या केबली दोन पावसाळ्यांत शेवाळल्यासारख्या दिसू लागतात, त्याचे कारण हेच. कल्हई केलेली तार तग धरते आणि डागही चटकन घेते.

शुद्धतेपेक्षा तारांची संख्या पाहावी. त्याच जाडीत जितक्या अधिक आणि जितक्या बारीक तारा, तितकी केबल लवचिक. हेडफोनची तार भिंतीत बसून राहत नाही. ती मानेबरोबर वळते, पिशवीत चेंगरते, लोकलच्या गर्दीत कोणाच्या तरी छत्रीत अडकते. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरची दोरी वर्षानुवर्षे का टिकत असे? तिच्यात सुताच्या धाग्यावर तांब्याची पातळ फीत गुंडाळलेली असे. ताण सूत घेई आणि वीज तांबे नेई. स्वस्त इयरफोनमध्येही हीच युक्ती असते, म्हणून त्या तारा कापल्यावर आत रेशमासारखा धागा निघतो. त्यांच्यावर लाल-हिरवे लाखेसारखे लेपन असते. ते जाळून वा खरवडून काढल्याशिवाय डाग बसत नाही. ‘तार खराब निघाली’ अशी तक्रार करणारे बहुतेक जण येथेच अडलेले असतात.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. केबल तीन तारांची करावी की चार? तयार केबलीत बरेचदा डाव्या कानाची एक, उजव्याची एक आणि परतीची एक सामाईक, अशा तीनच तारा असतात. ही सामाईक तार तुटली की मोठी गंमत होते. दोन्ही कानांत जे सारखे असते ते नाहीसे होते आणि फक्त फरक ऐकू येतो. गाण्यातली वाद्ये वाजत राहतात आणि गायक विहिरीत उतरल्यासारखा लांब जातो. गंमत म्हणून ठीक. पण आपले दृष्टिहीन सहाध्यायी पडदावाचकाच्या आवाजावर अभ्यास करतात. २०१६ साली सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयासारख्या ठिकाणची पुस्तके ऐकतात. तो एकच आवाज दोन्ही कानांत सारखा असतो. त्यांच्यासाठी ही एक तार तुटणे म्हणजे संपूर्ण शांतता, आणि तीही परीक्षेच्या आदल्या रात्री. दोन्ही कानांच्या परतीच्या तारा वेगळ्या ठेवून थेट प्लगपाशी एकत्र केल्या, तर एक तुटली तरी एकच कान जातो, दुसऱ्यावर वाचन चालू राहते. शिवाय एका बाजूचा आवाज दुसरीकडे झिरपणेही कमी होते. मायक्रोफोनसाठी मिळणारी चार गाभ्यांची लवचिक केबल यासाठी उत्तम.

‘मग बिनतारी घ्या की!’ असे कोणी म्हणेल. बिनतारी साधनात आवाज किंचित उशिरा पोहोचतो. गाण्यात ते कळत नाही. पण कळ दाबल्यावर अक्षर ऐकून मग पुढची कळ दाबणाऱ्याला तो उशीर पावलोपावली बोचतो. आणि त्याची बॅटरी दोन-चार वर्षांत दमली की बदलणार कोण?

प्लगवर खर्च करावा तो येथे. सोन्याच्या मुलाम्याला भुलू नये. सोने तांब्याहून कमी वाहक आहे, त्याचा गुण एवढाच की ते गंजत नाही. पाहायचे ते दोन ठिकाणी: आत तार डागण्यासाठी जागा पुरेशी आहे का, आणि मागे केबलला घट्ट पकडणारी चिमटी आहे का. एके काळी पनवेलच्या बैलगाड्या नावाजलेल्या होत्या. गाडी निवडणारा माणूस लाकडाबरोबर आरे तुंब्यात कसे बसले आहेत हेही पाहत असणार! केबलही बहुधा मध्ये तुटत नाही. प्लगच्या मानेशी तुटते. चिमटी नसेल तर आत एक गाठ मारावी, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. नळी डाग देण्यापूर्वी ओवायची असते; हे वाक्य टेबलावर लिहून ठेवण्याजोगे आहे.

साध्या प्लगचे टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्याचे, बुंधा परतीचा. मायक्रोफोनसह चार पट्ट्यांचा प्लग असेल तर हल्लीच्या फोनांत टोकाकडून तिसरी पट्टी परतीची आणि बुंधा मायक्रोफोनचा. काही जुन्या फोनांत नेमके उलटे. डागासाठी राळ भरलेली शिशाची तार वापरावी. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे असेल तर ती १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम थिजते. कल्हईवाल्याचा नवसागर येथे चालत नाही. तो मागे राहून तार खातो. खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर हात धुवावेत, कारण शिसे पोटात जाणे बरे नव्हे.

आपल्या महाविद्यालयात एक कोपरा, एक टेबल, एक डागणी, एक मल्टिमीटर आणि चार गाभ्यांच्या केबलचे एक भेंडोळे एवढे ठेवता येईल. विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळेत नव्हे. ग्रंथालयाशेजारी, जेथे ऐकणारे बसतात तेथे. पहिल्या दहा केबली दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी करू. मल्टिमीटर लावून केबल दोन्ही मानांशी वाकवून पाहायची. काटा वा आकडा हलला नाही तरच ती टेबलावरून उठेल.