पहिलं अक्षर घरात : एक जाहीरनामा

आम्ही आईबाप आहोत, आज्या-आजोबा आहोत, मावश्या, काका, आत्या आणि शेजारी आहोत. आम्ही जाहीर करतो की आमच्या मुलांची अक्षरांशी पहिली गाठ आमच्या घरात पडेल, आमच्या भाषेत पडेल, आणि तिच्यात धाक नसेल. शाळेशी आमचं भांडण नाही. शाळा हवी, अंगणवाडी हवी, दोन्ही चांगल्या हव्यात, आणि त्यांसाठी भांडायची वेळ आली तर आम्ही भांडू. पण तीन ते सात या वयातलं वाचन हे आमचंही काम आहे. ते आम्ही आजपासून अंगावर घेतो.

२००५ पासून ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत स्वयंसेवक खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन मुलांच्या हातात एक साधा उतारा देतात. त्यात दिसतं की देशभरातल्या खेड्यांत पाचवीतल्या जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत नाही. वर्षामागून वर्षं गेली, हे चित्र फारसं हललेलं नाही. हे पाचवीतलं मूल शाळेत गेलेलं असतं. फळ्यावरून त्याने वह्याच्या वह्या उतरवलेल्या असतात. अक्षर वळणदार असतं, पण आपण काय उतरवलं हे त्याला सांगता येत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ अभियान आणलं आणि तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे २०२६-२७ पर्यंत साधायचं ठरवलं. उद्दिष्ट योग्यच आहे. मात्र पहिलीच्या वर्गात तीस-चाळीस मुलं आणि बाई एकट्या. एकेका मुलाला जवळ घेऊन, त्याचं बोट अक्षरावर ठेवून, चुकलं तिथे थांबून वाचून घ्यायला त्यांना दिवसात वेळ कुठून मिळणार? तो वेळ घरात आहे. थोडा आहे, पण आहे.

शहरात दुखणं वेगळं. तिथे साडेतीन वर्षांच्या मुलीला शिकवणी लावतात. तिच्या हातात टोकदार पेन्सिल देतात आणि पानभर ‘अ’ गिरवून घेतात. बोटांत अजून बळ नसतं. पेन्सिल मुठीत धरली जाते, कागद फाटतो, मूल रडतं, आणि आपल्याला अभ्यास आवडत नाही हे शाळेत जायच्या आधीच त्याच्या मनात पक्कं होतं. याला आमचा सरळ विरोध आहे. पाच वर्षांच्या आत कुणाकडूनही पानं भरून घेऊ नका. शेंगा सोलू द्या, मटार सोलू द्या, कणकेचे गोळे करू द्या, रांगोळीचे ठिपके देऊ द्या. अक्षर लिहायचंच असेल तर परातीत रवा पसरा आणि बोटाने लिहू द्या. धुळपाटी आपल्याकडे पूर्वापार आहे. माँटेसोरीबाईंनी खरखरीत कागदाची अक्षरं करून मुलांची बोटं त्यांवरून फिरवली, त्यामागेही हाच विचार होता की हाताला आकार कळावा आणि त्याच क्षणी तोंडाने त्याचा उच्चार व्हावा.

घरात अक्षरं शिकवणं ही कल्पना आमची नाही. महाराष्ट्रात कितीतरी बायका शाळेच्या आधी घरात वाचायला शिकल्या. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईने शिकवलं, आणि त्या आईला तिच्या नवऱ्याने, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी. १८७३ साली लग्न होऊन आलेल्या अकरा वर्षांच्या रमाबाई रानड्यांना महादेव गोविंद रानड्यांनी घरीच शिकवायला घेतलं. घरातल्या बायकांनी त्यापायी त्यांना किती बोल लावले, ते रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. पुढे १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाई आणि अनुताई वाघ बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्या, वारली पाड्यांवर काम करू लागल्या. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. विकतचं साहित्य परवडत नाही, म्हणून बिया, पानं, शंख-शिंपले घेतले. आज देशभर लाखो अंगणवाड्या आहेत, त्यांची सुरुवात मुलाच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत झाली, हे आम्ही विसरू देणार नाही.

आता शिकवायचं कसं, याबद्दल आमची मतं ठाम आहेत.

पहिली गोष्ट, कान. मुलाला अक्षर दाखवण्याआधी शब्द कानांनी फोडता आला पाहिजे. यासाठी पुस्तक लागत नाही. स्वयंपाकघरात उभं राहा आणि विचारा, ‘क’ने सुरू होणारं इथे काय काय आहे? कढई आहे. कात्री आहे. किसणी आहे. कुकर, केळी, कैरी, कोथिंबीर. मूल सुरुवातीला कढईशी थांबतं, किसणी त्याला वेगळी वाटते. मग एक दिवस ते दोन्हींतला ‘क्’ ओळखतं, आणि बाराखडी म्हणजे काय हे त्याला कुणी न सांगता कळतं. फळ्यावर ‘क का कि की’ घोकलेल्या मुलाला हे कळलेलं असेलच असं नाही. गाडीत बसल्यावर गावांच्या नावांच्या भेंड्या खेळा : कोल्हापूर, रत्नागिरी, रोहा, हातकणंगले, लातूर. शेवटचं अक्षर पकडायला मुलाला सगळा शब्द मनात धरून ठेवावा लागतो. जरा मोठ्या भावंडांची ‘च’ची भाषा घ्या. ‘मला पाणी दे’चं ‘चलाम चणीपा चदे’ करणारी मुलगी शब्दाचं पहिलं अक्षर सुटं करून मागे नेते आहे. तिला गप्प बसवू नका, धाकट्याला तिच्या शेजारी बसवा.

दुसरी गोष्ट, क्रम. आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेली आहे : कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ. इतकी शास्त्रशुद्ध मांडणी फार थोड्या भाषांना लाभली आहे. ती मुलांना जरूर पाठ असावी, तालावर म्हणता यावी. पण वाचायला शिकण्याचा तो क्रम नव्हे. क, ख, ग, घ, ङ शिकून झालं तरी त्यांतून घरातला एकही शब्द हाती लागत नाही. उलट क, म, न आणि एक काना घ्या. काका, मामा, नाना, कान, नाक, मान, काम, मका, नाका, कमान. चार चिन्हांत एवढं! त्यात ‘ल’ आला की वाक्यं सुरू होतात : मामाला मका. काकाला काम. ज्या मुलाने आठवड्याभरात ‘मामाला मका’ वाचलं, ते पुढच्या अक्षराची मागणी स्वतः करतं. मोजकी, कामाची अक्षरं घेऊन लगेच शब्द आणि शब्दांवरून लगेच वाक्य, या वाटेने मुलांना वाचायला शिकवणारे शिक्षक महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या अनुभवावर आमचा विश्वास आहे.

‘अ’ अननसाचा म्हणायचा हट्टही सोडा. ज्या मुलाने अननस कधी कापलेला पाहिला नाही, त्याला ‘अ’ अंड्याचा, अंगणाचा, अण्णांचा. ‘ण’ने तर शब्द सुरूच होत नाही, तो बाणात आणि पाण्यात शोधावा.

दिसायला जवळची अक्षरं एका वेळी देऊ नका. म आणि भ, घ आणि ध, ब आणि व, प आणि ष यांच्यात काही आठवड्यांचं अंतर ठेवा. काना आधी, दुसरी वेलांटी नंतर, आणि पहिली वेलांटी बरीच नंतर, कारण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर. डावीकडून उजवीकडे बोट सरकवत जाणारं मूल तिथे अडखळणारच. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतले दोन ‘च’ वेगळे का ऐकू येतात, असं मुलाने विचारलं तर शाबासकी द्या आणि खरं सांगा की हे अक्षर दोन आवाजांसाठी वापरतात. जोडाक्षरांची घाई करू नका. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. आपल्यासारखीच अक्षरांना स्वरचिन्हं जोडणारी ती लिपी. तिथे सगळी अक्षरं पक्की व्हायला मुलांना प्राथमिक शाळेची तीन-चार वर्षं लागतात, असं दिसलं. शेजारच्या मुलीला पाचव्या वर्षी ‘ज्ञानेश्वर’ वाचता येतं म्हणून आपल्या मुलाला मंद ठरवणारे मोठे आमच्या बैठकीत आले, तर आम्ही त्यांना हेच ऐकवू.

आणि ‘म ला काना मा, म ला काना मा’ अशी फोड करत वाचायला लावणं थांबवा. त्या सगळ्या काना-मात्रांत मामा हरवतो. ‘मा’ हा एक आवाज म्हणून ओळखू द्या, दोन ‘मा’ जोडू द्या आणि मग विचारा, कुठला मामा, सांगलीचा का?

तिसरी गोष्ट, बोली. विदर्भातलं मूल ‘पानी’ म्हणतं. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी घरांत शब्दही वेगळे असतात. मेळघाटातलं मूल कोरकूत विचार करतं, गडचिरोलीतलं गोंडीत, तांड्यावरचं गोरमाटीत. अक्षर शिकवण्याच्या वेळी उच्चाराची दुरुस्ती करायची नाही, हा आमचा नियम आहे. मूल ज्या शब्दाने घरात हाक मारतं, तो शब्द देवनागरीत लिहून त्याच्यासमोर ठेवा. आपल्या तोंडचा शब्द कागदावर उतरतो आणि तो दुसऱ्याला वाचता येतो, हे त्याने आधी पाहावं. प्रमाणभाषा पुढे येईल. मूल इंग्रजी माध्यमात जाणार असेल तरी हे खरंच आहे. आवाज आणि खूण यांचं नातं एका भाषेत उमगलं की दुसऱ्या भाषेत ते पुन्हा मुळापासून शिकावं लागत नाही. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांनाही आमचं हेच सांगणं आहे. रविवारच्या मराठी शाळेवर सगळं सोपवू नका, आजीच्या व्हिडिओ कॉलवर भेंड्या खेळा.

वाचता न येणाऱ्या आजीचं काय? ती या चळवळीत पहिल्या रांगेत आहे. मुलाला समजून वाचता यायचं तर शब्द आधी त्याच्या कानांत हवेत, आणि ते तिच्याकडे आहेत : कोडी, म्हणी, जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, गोष्टीतला सुस्कारा आणि हुंकार. ज्या आईला अक्षर येत नाही तिने संध्याकाळी एवढंच म्हणावं, ‘मला वाचून दाखव.’ आणि काम बाजूला ठेवून ऐकावं.

आम्हाला त्या घरांचाही विचार करायचा आहे ज्यांना वर्षाचे पाच-सहा महिने घरच नसतं. बीडचं ऊसतोडणीचं कुटुंब दिवाळीच्या आसपास गाव सोडतं आणि उन्हाळ्यात परततं. मूल फडावर, कोपीत. आई पहाटे कोयता घेऊन निघालेली. तिला रोज वीस मिनिटं काढा असं सांगायला आमची जीभ रेटत नाही. तिथे काम आमचं. कारखान्याच्या आसपास राहणाऱ्या सभासदाने आठवड्यातून दोनदा कोप्यांवर जावं, पाटी आणि पाच-सहा पुस्तकं घेऊन, आणि मोठ्या बहिणीला शिकवावं. धाकट्यांना तीच सांभाळत असते.

पुस्तकांबद्दल थोडं. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं प्रत्येक गल्लीत एक तरी असायला हवीत, कारण त्यांत मुलाला आपलंच घर दिसतं. बालवाचकांच्या पुस्तकात अक्षर मोठं हवं, ओळी थोड्या हव्यात, जोडाक्षरं कमी हवीत. प्रकाशकांकडे आमची ही मागणी आहे. ग्रामपंचायतींच्या आणि नगरपालिकांच्या ग्रंथालयांकडे दुसरी मागणी : बालविभागाचं कपाट कुलपात नको, आणि पुस्तक फाटलं म्हणून दंड नको. दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, २०२३ साली त्या लावा असं न्यायालयाला सांगावं लागलं. त्या पाट्या आता आहेत तर मुलांकडून वाचून घ्या. एसटीचा फलक, मिठाची पिशवी, लग्नपत्रिका, दाराबाहेरची पाटी, हे सगळं वाचनच आहे. रोज झोपताना मात्र मोठ्याने, पुस्तकातून, ओळीखाली बोट फिरवत वाचा. तीच गोष्ट दहाव्यांदा मागितली तर दहाव्यांदा वाचा. पाठ झालेल्या पानावर बोट ठेवून मूल जे म्हणतं, तिथेच वाचनाला सुरुवात होते.

या चळवळीला वर्गणी नाही, पदाधिकारी नाहीत, परीक्षा नाही, बक्षीस नाही. मुलांची तुलना करणारा सभासद राहणार नाही. मुलाला फटका मारून किंवा कोंडून अक्षर शिकवणाऱ्याशी आम्ही बोलू, आणि बोलून भागलं नाही तर मूल रोज तासभर आमच्याकडे बसेल. कुणाचं मूल सातव्या वर्षानंतरही ओळखीची अक्षरं पुन्हा पुन्हा विसरत असेल, तर त्याला आळशी म्हणायचं नाही. डोळे आणि कान तपासायचे आणि अध्ययन-अक्षमता ओळखणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यायचं. त्यात लाज कसली?

सुरुवात दसऱ्याला. त्या दिवशी पाटीवर १ च्या आकड्यांची सरस्वती काढून आपण पूजा करतो आणि पाटी वर्षभर माळ्यावर ठेवतो. यंदा ती खालीच राहील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्याच्या त्याच्या गल्लीत, वाडीत, सोसायटीच्या जिन्याखाली चार-पाच घरांनी एकत्र बसायचं. कुणाकडे कुठली पुस्तकं आहेत त्याची यादी करायची, कुणाच्या घरी कोणत्या वारी मुलं जमतील ते ठरवायचं, रात्रपाळी असलेल्यांना सकाळची वेळ द्यायची. मग पाटीवर क, म, न आणि काना लिहायचा आणि मुलांना विचारायचं, यातून काय काय होतं?