कानस उचलण्यापूर्वी

मॅगझीन रायफलीत जोर लावून बसवावे लागते आणि खटका दाबला तरी स्वतःच्या वजनाने खाली पडत नाही, अशी तक्रार आली की टूलरूममधल्या माणसाचा हात आधी कानशीकडे जातो. कुठे घासते ते पाहायचे, दोन हात मारायचे, की काम झाले. काम होतेही, पण त्या एकाच रायफलीपुरते. दुसऱ्या रायफलीत तेच मॅगझीन डुगडुगते, आणि मग नवी तक्रार येते की काडतूस नीट चढत नाही. संरक्षण खात्यासाठी प्लास्टिकचे भाग ओतणारे आणि तपासणारे आपले अनेक वाचक या फेऱ्यातून गेलेले असतील.

या विषयावर बोलताना सिंगापूरचे उदाहरण घ्यावेसे वाटते. तिथे 1967 मध्ये सक्तीची सैनिकी सेवा आली आणि त्याच वर्षी चार्टर्ड इंडस्ट्रीज ऑफ सिंगापूर ही सरकारी कंपनी उभी राहिली. तिने आधी कोल्टच्या परवान्याने एम-16 बनवली, मग एसएआर-80 ही स्वतःची रायफल काढली. त्या रायफलीला मॅगझीन मात्र एम-16चेच लागत होते. 1999 मध्ये एसएआर-21 आली तेव्हा काडतूस तेच 5.56 बाय 45 राहिले, पण तीस काडतुसांचे अर्धपारदर्शक प्लास्टिकचे मॅगझीन खास तिचे होते. जगभर सहज मिळणाऱ्या मॅगझीनवर पाणी सोडल्याबद्दल या निर्णयावर टीका करता येईल. आमच्या मते तो निर्णय बरोबर होता.

कारण ज्याला सगळे ‘नाटो प्रमाण मॅगझीन’ म्हणतात, ते प्रमाण कधी मंजूरच झाले नाही. 1980 साली मसुदा मांडला गेला, त्याला 4179 हा क्रमांक मिळाला आणि तो मसुदाच राहिला. प्रत्येक कारखान्याने एम-16चे मॅगझीन समोर ठेवून रायफलीतली मॅगझीन बसण्याची आपापली खाच आखली. कोणी थोडी सैल, कोणी थोडी आवळ. पुढे मॅगपुल या अमेरिकी कंपनीचे प्लास्टिकचे मॅगझीन लोकप्रिय झाले. एम-16 आणि एम-4मध्ये ते सुरेख बसे, पण जर्मन एचके-416 आणि ब्रिटिश एसए-80 या रायफलींत अडे. कंपनीला त्यांच्यासाठी वेगळा नमुना काढावा लागला. अमेरिकी मरीन दलाची एम-27 ही एचके-416चीच बहीण. 2012 मध्ये मरीन दलाने प्लास्टिकच्या मॅगझीनांवर बंदी घातली आणि 2016च्या अखेरीस त्याच कंपनीच्या सुधारित, तिसऱ्या पिढीच्या मॅगझीनला परवानगी दिली. या साऱ्यात कोणाचाही भाग स्वतःच्या ड्रॉइंगबाहेर असण्याची गरज नव्हती. दोन्ही बाजूंना बांधणारे एक ड्रॉइंगच नव्हते.

एसएआर-21मध्ये खाच आणि मॅगझीन एकाच घरची आहेत, त्यामुळे बोट दाखवायला दुसरा कोणी नाही. शिवाय ही बुलपप रायफल आहे, म्हणजे मॅगझीन मुठीच्या मागे, काखेजवळ येते. तिथे हाताला जोर लावायला जागा कमी, म्हणून मॅगझीन सुटून पडणे जास्त महत्त्वाचे. आणि राखीव सैनिक बोलावल्यावर कोठारातली जी रायफल हाती येईल तिच्यात जे मॅगझीन मिळेल ते बसले पाहिजे. जोड्या लावून फिटिंग करणे तिथे परवडणारे नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. टेबलावर जिवंत काडतूस नको, सरावाची नकली काडतुसेच घ्या. पहिल्यांदा रिकामे मॅगझीन, बोल्ट मागे. इथेच अडले तर दोष बाजूच्या भिंतींचा, खटक्याचा किंवा रंगाचा. मार्किंग ब्ल्यू लावून एकदा आत-बाहेर करा, कुठे लागते ते दिसेल. एम-16मध्ये खटका फिरवून जास्त आवळला गेला असेल तरी मॅगझीन सुटत नाही. तेव्हा भिंतींना दोष देऊ नका. रिकामे पडते पण भरलेले अडकते, तर दोन रांगांतली काडतुसे भिंतींना बाहेर ढकलून पोट फुगवत आहेत. आणि बोल्ट मागे असताना बसते पण पुढे असताना बसत नाही, तर बाजूच्या घट्टपणाशी त्याचा संबंधच नाही: वरचे काडतूस बोल्टच्या पोटाला टेकते आणि दबलेल्या स्प्रिंगमध्ये आणखी दबायला जागा उरलेली नसते. तीसऐवजी अठ्ठावीस काडतुसे भरण्याच्या सैनिकांच्या जुन्या सवयीमागे हेही एक कारण आहे. या तिसऱ्या दोषावर कानस चालवणाऱ्याने एक चांगले मॅगझीन फुकट घालवले असे समजावे. खाचेला तर हात लावूच नये. मॅगझीन बदलता येते, रायफल नाही.

राहिले हवामान, आणि इथे आपले मोल्डवाले सर्वांत जास्त चुकतात. नायलॉन-6 साच्यातून निघते तेव्हा कोरडे असते. पन्नास टक्के आर्द्रतेच्या हवेत ते वजनाच्या अडीच-तीन टक्के पाणी पिते आणि लांबी-रुंदीत अर्धा टक्क्याहून अधिक वाढते. सुमारे 22 मिलिमीटर रुंदीच्या मॅगझीनमध्ये ही वाढ मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त भरते. ग्लास भरले की ती बरीच कमी होते, पण संपत नाही. सिंगापूरची हवा वर्षभर दमट असते, आपल्या कोकणात पावसाळ्याचे चार महिने तशीच. पॉलिकार्बोनेट पाणी फारसे पीत नाही, पण काही द्रावकांनी त्याला तडे जातात. म्हणून सफाईचे तेल बदलले की तपासणीही नव्याने करावी. थंडीची तऱ्हा उलटी. आपल्या इन्सास रायफलीची रचना पुण्याच्या एआरडीईची, आणि 1999च्या कारगिल युद्धात गाजली ती तिचे प्लास्टिकचे मॅगझीन कडाक्याच्या थंडीत तडकल्याची तक्रार. माप एका खोलीत घ्यायचे आणि वस्तू दुसऱ्याच हवेत वापरायची, या सवयीचे हे दोन टोकांचे परिणाम आहेत.

म्हणून मोल्डशॉपच्या वाचकांना एक विनंती. मॅगझीनच्या रुंदीचे माप ड्रॉइंगवर लिहाल तेव्हा त्याच्याशेजारी भाग कोणत्या स्थितीत मोजायचा तेही लिहा: साच्यातून निघाल्यावर किती तासांनी, किती आर्द्रतेत, रिकामा की भरलेला. गो–नो गो गेजही त्याच स्थितीत चालवा. आणि तुमच्या ग्राहकाने खाचेचे ड्रॉइंग दिले नसेल, तर ते हातात पडेपर्यंत साचा कापायला घेऊ नका.