ज्यांना छत नाही, त्यांच्या उजेडाचं काय?

फेब्रुवारी 2024 मध्ये ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजना सुरू झाली. 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार, 3 किलोवॅट आणि त्यापुढे 78 हजार रुपये अनुदान मिळतं. ज्या समाजबांधवांचं स्लॅबचं घर आहे, त्यांनी ही योजना जरूर घ्यावी. पण अटी पाहा. घर स्वतःचं हवं, छत पॅनल बसण्याजोगं हवं, वीजजोडणी रीतसर हवी. आपल्या किती वस्त्या यात बसतात?

1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी देशभर सत्याग्रह केला. तरी मराठवाड्यात गायरानावरची अनेक कुटुंबं आजही जागा नावावर होण्याची वाट पाहत आहेत. पैठण, कन्नडकडून ऊसतोडीला जाणारी माणसं तर चार-पाच महिने कोपीत काढतात. तिथे ना छत, ना मीटर.

आम्ही नर्सिंग केलेल्या बाया याला आरोग्याचाच प्रश्न म्हणतो. जिथे अजून चिमणी जळते, तिथे धूर लेकरांच्या छातीत जातो आणि चिमणी कलंडली की भाजतं. घरात रॉकेल जाळू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्येच सांगितलं आहे. अंधारात विंचूकाट्याचं भय वेगळंच. मण्यार तर जमिनीवर झोपलेल्याला चावते. खूण धड दिसत नाही, फारसं दुखतही नाही. पुढे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, तोवर उशीर झालेला असतो. झोपण्याआधी अंथरूण झटकून बघायला, रात्री बाईला बाहेर जायला, पहाटे फडावर निघायला हातात दिवा हवा.

हे अवघड नाही. 2014 मध्ये आयआयटी मुंबईने महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या शाळकरी मुलांसाठी 10 लाख सौरदिव्यांचा उपक्रम हाती घेतला. मुलांना दिवा 120 रुपयांत मिळाला. गावातल्याच लोकांना जुळणी आणि दुरुस्ती शिकवली गेली. दुरुस्ती जवळ नसली, की बॅटरी उतरलेला दिवा माळ्यावर जातो.

म्हणून आमची मागणी अशी: गायरानावरच्या आणि कोपीतल्या प्रत्येक कुटुंबाला दोन सुटे सौरदिवे मिळावेत. गावात ग्रामपंचायतीने, फडावर साखर कारखान्याने आणि ऊसतोड कामगार महामंडळाने ते द्यावेत. दुरुस्तीचं प्रशिक्षण महिला बचत गटांना द्यावं.

टोळ्या निघण्याआधी, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा ठराव लेखी मांडा आणि पोच घ्या.