काटा कोणाच्या पायात?

पायात काटा रुतला, तर दुखते ते पायाला. मग हात कशाला धावतो? आठव्या शतकातील नालंदेचा आचार्य शान्तिदेव याने ‘बोधिचर्यावतारा’च्या आठव्या अध्यायात अशाच अर्थाचा प्रश्न केला आहे. दुःख माझे की परक्याचे हे न पाहता, ते दुःख आहे एवढ्यासाठीच निवारावे, हे त्याचे उत्तर. पण नुसता उपदेश करून तो थांबत नाही, अभ्यासही सांगतो. दुसऱ्याच्या जागी बसा आणि तेथून स्वतःकडे पाहा, अगदी त्याच्या मत्सरासकट!

वर्गात करुणरस शिकविणाऱ्या मला हे वाचून दादा आठवला. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून आमचा सहा वर्षे अबोला. एका रात्री मी मनाने त्याच्या जागी बसलो. तेथून मी दिसलो तो असा : ज्याच्या फीसाठी थोरल्याने शिक्षण सोडून नोकरी धरली, तो धाकटा एम. ए. झाला आणि आता त्यालाच कायदा ऐकवतो.

वाटणीत माझेच बरोबर होते, असे मला अजूनही वाटते. पण काटा कोणाच्या पायात आहे, ते कळले. पत्र लिहून ठेवले आहे. पाडव्याला ते टपालात न टाकता स्वतःच घेऊन जावे म्हणतो.