बारा वाट्या, सहा स्प्रिंकलर

मागच्या जूनमध्ये आई-बाबा लातूरहून आमच्याकडे सॅन होजेला आले. एअरपोर्टवर मिठ्या, लाडवाचे डबे, ‘किती वाळलीस गं’ वगैरे सगळं साग्रसंगीत पार पडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला (जेटलॅग, दुसरं काय!) बाबा चहाचा कप घेऊन घराबाहेर उभे. मी डोळे चोळत गेले तर म्हणाले, “हे पाणी कुठं जायलंय गं?”

पाणी फूटपाथवरून ओघळून रस्त्याकडेच्या गटारात चाललं होतं. आमच्याच लॉनचं. टाइमरवर आठवड्यातून तीनदा पहाटे सुरू होतं आणि त्या वेळी आम्ही दोघं ढाराढूर. घर घेऊन दोन वर्षं झाली होती, पण हे दृश्य मी पहिल्यांदाच बघत होते. शप्पथ!

बाबा पुढे काहीच बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी इथे ऑफिसात बसून लॅपटॉपवर ते फोटो बघत होते आणि हे दोघं टँकरची वाट बघत होते. आमच्याकडे आजही भांडी विसळलेलं पाणी तुळशीला जातं. त्यानंतर बाबा पुढच्या अंगणात बसायचेच बंद झाले. खुर्ची उचलून मागे नेली.

मग मी चंग बांधला. घर १९७४ चं आणि स्प्रिंकलरही जुनेच. एका कॉन्ट्रॅक्टरनं सगळी सिस्टीम उखडून नवी टाकायचं जे कोटेशन दिलं, त्यात आम्ही तिघांची भारतवारी केली असती. म्हटलं, पाइप तर धड आहेत, नुसते हेड बदलू. लॉनमध्ये असे सहा हेड. पाणी आलं की जमिनीतून डोकं वर काढतात आणि पंख्यासारखा फवारा मारतात. आमच्यातले दोन वाकडे, एक मातीत रुतलेला, आणि सगळ्यांतून पाणी कमी, धुकंच जास्त. कारण प्रेशर. असे फवारे साधारण ३० पीएसआयला नीट चालतात. आमच्या नळाला गेज लावलं तर ७०! एवढ्या जोरानं थेंबांचं तुषार होतं आणि वाऱ्यावर शेजाऱ्याकडे जातं.

त्यावर औषध म्हणजे फिरती नोझल्स. पंख्याऐवजी बारीक बारीक धारा आणि त्या सावकाश गोल फिरतात. थेंब जाड, त्यामुळे उडत नाहीत. साधा फवारा तासाला दीड-दोन इंच पाणी ओततो, हे साधारण अर्धा इंचाच्या आत. आमची माती चिकण. तिला घाईघाईनं पाजलं की ती पीत नाही, सगळं रस्त्यावर सोडते.

आता माझा शहाणपणा ऐका. मी काटकसर म्हणून फक्त दोन वाकडे हेड बदलले. पंधरा दिवसांत त्या दोघांभोवतीचं गवत पिवळं आणि बाकीकडे डबकं! नवरोबा म्हणाले, “कंपनीला परत कर.” मी मान डोलावणारच होते, तेवढ्यात बाबा स्वयंपाकघरातून बारा वाट्या घेऊन आले. सगळ्या एका मापाच्या. (आईचा चेहरा बघण्यासारखा होता.) लॉनभर मांडल्या आणि म्हणाले, “दहा मिनिटं चालू कर.”

चालू केलं. जुन्या हेडजवळच्या वाट्यांत बोटभर पाणी, नव्याजवळच्यांत जेमतेम तळ झाकलेला. एकाच व्हॉल्व्हवर एक जण घटाघटा ओतणारा आणि दुसरा चमच्यानं देणारा, वेळ मात्र दोघांना सारखीच. नोझल बिचारं निर्दोष! त्या भागातले सगळे हेड एकाच जातीचे हवेत, हे माझ्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीला नाही, वाट्यांना कळलं.

मग शनिवारी उरलेले चारही काढले. हिरवळीचा गोल तुकडा कापून अलगद बाजूला ठेवायचा, खणायचं, जुना हेड उलटा फिरवून सोडवायचा. थ्रेड अर्ध्या इंचाचा, नवा सरळ बसला. आधीच्या दोन हेडसकट सगळ्यांना आतच प्रेशर ४० पीएसआयवर धरणारी बॉडी घातली. फिरत्या नोझल्सना तेवढंच लागतं. रुतलेला हेड जमिनीच्या पातळीवर आणला आणि उतारावरच्याला चेक व्हॉल्व्हवाली बॉडी, म्हणजे पाणी बंद झाल्यावर पाइपमधलं उरलेलं तिथून गळत नाही. एकच गोष्ट विसरू नका: नोझल लावण्याआधी पाणी सोडून पाइप धुऊन घ्या. मी एका ठिकाणी विसरले. माती जाळीत अडकली, पुन्हा सगळं उघडलं.

टाइमर दहा मिनिटांवरून तीस मिनिटांवर नेला तेव्हा बाबा चमकले. “कमी पाण्यासाठी केलंस ना? मग तिप्पट वेळ?” समजावलं, की गवताला लागतं तेवढं लागतंच, वाचतं ते गटारात जाणारं. तेही पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन हप्ते, मध्ये एक तास, म्हणजे जमिनीत मुरतं. त्यांनी पुन्हा वाट्या मांडल्या. सगळ्यांत जवळपास सारखं पाणी. काही बोलले नाहीत, फक्त वाट्या गोळा करून आत नेल्या.

सोमवारी पहाटे मी मुद्दाम उठले. बाबा फूटपाथवर चपला काढून अनवाणी, कडेकडेनं चालत होते. कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले, तळवे बघितले. कोरडे. मग मागची खुर्ची पुढे आणून बसले आणि चहा मागितला.

चहा पिता पिता म्हणाले, “पण गवतच कशाला लावायचं गं? खायला तर कोणी येत नाही.”

नवरोबांना अजून सांगितलेलं नाही, पण निम्म्या लॉनचं मोजमाप मी आणि बाबांनी घेऊन ठेवलंय.